चित्रातले ऊन आणि आरे-वारेचे ऊन

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याने जाणारा रस्ता आरे-वारेजवळ डोंगराच्या कडेकडेने जातो. एका बाजूला जांभ्याचा उतार, दुसऱ्या बाजूला खाली सुरूचे बन, वाळू आणि समुद्र. अशा जागी घर बांधायचे ठरले की हल्ली पायाचा पहिला चिरा बसण्याआधीच त्या घराचे चित्र तयार होते. लाल कौले, चिऱ्याच्या भिंती, पश्चिमेला मोठी काच, काचेत मावळतीचा सोनेरी उजेड. चित्र इतके हुबेहूब असते की ते छायाचित्र नाही हे सांगावे लागते. संगणकावर केलेल्या अशा चित्राला या व्यवसायात 'रेंडर' म्हणतात.

नकाशा वाचणे सर्वांना जमत नाही, चित्र मात्र सर्वांना कळते. त्यामुळे जागा घ्यावी की नाही, खिडकी कुठे ठेवावी, पडवी काढून टाकावी का, असे निर्णय पुष्कळदा चित्र पाहूनच होतात. कोकणात जागा घेणारा माणूस मुंबई-पुण्यात असेल, तर त्याच्यासमोर चित्राखेरीज दुसरे फारसे काही नसतेच. म्हणून असे चित्र करण्यासाठी कोणते सॉफ्टवेअर निवडावे हा प्रश्न केवळ वास्तुविशारदाच्या सोयीचा राहत नाही. त्याचे उत्तर शोधताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. चित्र 'खरे वाटणे' ही एक गोष्ट आणि चित्रातले ऊन, सावली, उजेड 'खरे असणे' ही दुसरी. या दोन गोष्टी कधी एकमेकींपासून दूर होत्या, कधी जवळ आल्या. त्याचाच हा इतिहास.

आधी भूमिती आली

पंधराव्या शतकाच्या आरंभी इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने एक गमतीचा प्रयोग केला. त्याने एका इमारतीचे चित्र फळीवर काढले, फळीला भोक पाडले आणि पाहणाऱ्याला मागच्या बाजूने त्या भोकातून, समोर धरलेल्या आरशात, चित्राचे प्रतिबिंब पाहायला लावले. चित्र आणि समोरची इमारत तंतोतंत जुळत होती. दूरच्या वस्तू किती लहान दिसाव्यात, समांतर रेषा कुठे मिळाव्यात, याचे गणित त्याला सापडले होते. पुढे १४३५ साली आल्बेर्टीने हे नियम लिहून काढले. त्यालाच आपण यथादर्शन म्हणतो.

या प्रयोगातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. ब्रुनेलेस्कीने आकाश रंगवलेच नाही. तिथे त्याने घासूनपुसून चकचकीत केलेली चांदी लावली, म्हणजे खरे ढगच तिच्यात दिसावेत! इमारतीचा आकार गणिताने मांडता येतो, उजेड मात्र अजून गणितात बसत नाही, याची ही जणू कबुलीच होती.

आपल्याकडे यथादर्शनाचे शिक्षण पद्धतशीरपणे देण्याचा एक प्रारंभीचा प्रयत्न पुण्यात झाला. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ साली मुंबईत आला आणि नंतर पुण्याला गेला. पुण्यातला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने सवाई माधवरावांच्या काळात शनिवारवाड्यात चित्रकलेचे वर्ग सुरू झाले. मॅलेटसाठी काम करणाऱ्या गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने वेरूळच्या लेण्यांची रेखाटने केली. वेल्स १७९५ साली वारला. त्याच्या वेरूळच्या चित्रांवरून टॉमस डॅनियल याने १८०३ साली लंडनमध्ये मुद्रिते प्रसिद्ध केली. वेरूळ कधीच न पाहिलेल्या माणसांनी त्या चित्रांवरून वेरूळची कल्पना केली. न पाहिलेल्या वास्तूविषयी चित्रावरून मत बनवण्याची सुरुवात अशी जुनी आहे.

संकेताचा सूर्य

वास्तुचित्रात सावली दाखवण्याचीही एक रीत युरोपातल्या कलाशाळांत रूढ झाली. सूर्य चित्राच्या डाव्या खांद्यामागे आहे असे मानायचे आणि उन्हाचे किरण घनाच्या कर्णाच्या दिशेने उतरतात असे धरायचे. मग दर्शनी नकाशातही आणि वरून पाहिलेल्या नकाशातही सावली ४५ अंशांत पडते. छज्जा जितका पुढे, तितकीच त्याची सावली खाली! गुण्या हाती असला की कोणालाही काढता येते. हा संकेत सोयीचा आहे, पण त्यातला सूर्य कोणत्याही गावाचा नाही. क्षितिजापासून त्याची उंची नेहमी सुमारे ३५ अंश असते आणि तो प्रत्येक दर्शनी भिंतीवर, उत्तरेच्या भिंतीवरसुद्धा, तितकेच ऊन टाकतो.

आरे-वारे सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथला सूर्य कसा वागतो ते पाहू या. ८ मेच्या आसपास आणि पुन्हा ५ ऑगस्टच्या आसपास, दुपारी साडेबाराच्या थोडे नंतर, तो बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली नाहीशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेकडे असतो. २२ डिसेंबरला मात्र तो दक्षिणेला, साधारण साडेएकोणपन्नास अंश उंचीवर असतो.

आता दक्षिणेच्या भिंतीपुढे ९० सेंटिमीटर आलेली पावळी घ्या. २२ डिसेंबरला माध्यान्ही तिची सावली भिंतीवर सुमारे १.०५ मीटर उतरते. २१ मार्चला सूर्याची उंची ७३ अंश असल्याने तीच सावली २.९ मीटर, म्हणजे जवळजवळ सगळ्या भिंतीवर पसरते. ४५ अंशांच्या संकेताने ती बारा महिने ९० सेंटिमीटरच दिसेल. घर मे महिन्यात तापेल की गार राहील, हे त्या चित्रावरून कळणार नाही.

उजेडाचे गणित

उजेडाचा पहिला उपयोगी नियम लांबर्ट या शास्त्रज्ञाने १७६० साली मांडला. पृष्ठभागावर किरण जितके तिरपे पडतील तितका तो कमी उजळतो, आणि हे प्रमाण कोनाच्या कोसाइनइतके असते. पण चित्रातल्या प्रत्येक ठिपक्यासाठी हा हिशेब हाताने कोण करणार? त्यासाठी संगणक यावा लागला.

१९६८ साली आयबीएममधील आर्थर ॲपेल याने डोळ्यापासून वस्तूपर्यंत आणि तिथून दिव्यापर्यंत रेषा मारून सावली ठरवण्याची पद्धत दाखवली. त्यानंतर अमेरिकेतील युटा विद्यापीठात पृष्ठभाग छायांकित करण्यावर पुष्कळ काम झाले. हेन्री गूरो याने १९७१ साली आणि मूळ व्हिएतनामी असलेल्या बुई तुओंग फाँग याने १९७५ साली दिलेल्या रीती पुढे कित्येक वर्षे वापरात राहिल्या. फाँगच्या सूत्रामुळे गुळगुळीत वस्तूवर चकाकीचा ठिपका उमटतो. हे सूत्र भौतिकशास्त्राच्या नियमांतून काढलेले नाही. ते डोळ्यांना पटते आणि झटपट सुटते, म्हणून घेतलेले आहे. संगणकाच्या प्रारंभीच्या चित्रांतही 'खरे वाटणे' हेच पुढे होते.

१९८० साली बेल प्रयोगशाळेतील टर्नर व्हिटेड याने ॲपेलची कल्पना वाढवली. किरण आरशावर आदळला तर परावर्तित करायचा, काचेत शिरला तर वाकवायचा आणि त्याचा माग काढत राहायचे. हेच 'रे ट्रेसिंग'. त्याच्या प्रसिद्ध चित्राला त्या वेळच्या संगणकावर सव्वा तासाच्या आसपास लागला. काच आणि पाणी आता खरे दिसू लागले. तरी एक उणीव होती. ऊन जिथे थेट पडत नाही तो भाग काळा ठिक्कर दिसे, म्हणून तिथे सरसकट थोडा उजेड ओतून वेळ मारून न्यावी लागे.

कोकणातल्या घरात नेमका हाच भाग महत्त्वाचा. पडवीत, ओटीवर, माजघरात थेट ऊन येतच नाही. तिथे पोचतो तो खळ्यावरून, भिंतीवरून, कौलांच्या खालून उसळून आलेला उजेड. जांभ्याच्या जमिनीवरून आलेला उजेड तांबूस होतो आणि पावळीच्या खालच्या बाजूवर ती छटा उमटते.

हा उसळता उजेड गणितात आला तो उष्णतेच्या अभ्यासातून. भट्टीतल्या एका भिंतीकडून दुसरीकडे किती उष्णता जाते, हे अभियंते आधीपासून काढत होते. १९८४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात गोराल, टॉरन्स, ग्रीनबर्ग आणि बॅटेल यांनी तीच रीत प्रकाशाला लावली. तिला 'रेडिओसिटी' म्हणतात. या गटाने एक साधी पेटी घेतली, तिच्या समोरासमोरच्या भिंती वेगवेगळ्या रंगांच्या केल्या आणि एका भिंतीचा रंग शेजारच्या पांढऱ्या पृष्ठभागावर कसा सांडतो ते हिशेबाने दाखवले. पुढे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात खरी पेटी आणि तिचे संगणकचित्र शेजारी दाखवून 'खरे कोणते?' असे लोकांना विचारले, तेव्हा त्यांची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा सरस ठरली नाहीत. चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहण्याची ही शिस्त लक्षात ठेवण्यासारखी आहे.

त्याच वर्षी, १९८६ मध्ये, जेम्स काजिया याने या सर्व रीती एकाच समीकरणाची निरनिराळी अंदाजी उत्तरे आहेत हे दाखवले. एखाद्या बिंदूपासून निघणारा प्रकाश म्हणजे त्याचा स्वतःचा प्रकाश अधिक इतर सर्व दिशांनी येऊन उसळलेला प्रकाश, एवढाच त्याचा अर्थ. पण 'इतर सर्व दिशा' अगणित असतात. त्यावर उपाय म्हणजे काही किरण यदृच्छेने निवडून सरासरी घ्यायची. त्यातला दाणेदारपणा किरणांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. म्हणजे दाणे निम्मे करायचे तर किरण चौपट हवेत. आजही चांगल्या चित्राला वेळ लागतो तो या वर्गमुळामुळे.

सौंदर्यासाठी आणि मोजमापासाठी

इथून दोन वाटा फुटल्या. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत ग्रेग वॉर्ड याने १९८५ पासून 'रेडिअन्स' हे सॉफ्टवेअर घडवले. खोलीत दिवसा किती उजेड येतो, वीज किती वाचेल, हे सांगणे हा त्याचा हेतू. ते चित्र देतेच, पण चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याला प्रकाशाच्या एककात मोजलेली संख्याही देते. ते शिकायला कठीण आहे आणि त्याची चित्रे दर वेळी मोहक असतातच असे नाही. २००२ पासून त्याचा स्रोत सर्वांना खुला आहे.

दुसरी वाट चित्रपट, जाहिरात आणि वास्तुव्यवसायाची. बल्गेरियातल्या केऑस कंपनीचे 'व्ही-रे', नेदरलँड्समध्ये तयार झालेले आणि २०१० साली बाजारात आलेले 'ल्युमिऑन' ही यातली परिचित नावे. नेदरलँड्समधूनच आलेल्या 'ब्लेंडर'ची हकिगत वेगळी आहे. ते बनवणारी कंपनी २००२ साली बंद पडली, तेव्हा वापरणाऱ्यांनी एक लाख युरो वर्गणी जमवून त्याचा स्रोत सोडवून घेतला आणि सर्वांसाठी मोकळा केला. २०११ पासून ब्लेंडरमध्ये 'सायकल्स' हा भाग आहे. तो काजियाच्या समीकरणाच्या मार्गाने जातो. २०१९ साली आलेला 'ईव्ही' हा भाग खेळांच्या धर्तीवर क्षणात चित्र देतो, पण त्यासाठी बऱ्याच जागी युक्त्या आणि अंदाज वापरतो. एकाच सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही वाटा आहेत. वापरणाऱ्याला मात्र फरक ठाऊक हवा.

ब्रुनेलेस्कीची चांदीही परत आली आहे. चित्राभोवती खऱ्या आकाशाचे छायाचित्र गुंडाळून त्याच्याच उजेडात घर उजळवण्याची रीत १९९८ च्या सुमारास पॉल डेबेव्हेक याने पुढे आणली. रीत उत्तम आहे. पण ते आकाश युरोपातले असेल, तर त्यातला सूर्य उत्तर युरोपाच्या अक्षांशाचा असतो. आरे-वारेच्या घरावर मग मे महिन्यातही लांबलचक, सौम्य सावल्या पडतात. उजेड खरा असतो, फक्त तो दुसऱ्याच गावाचा!

२०२२ नंतर आणखी एक प्रकार आला. चार वाक्ये लिहिली की कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने चित्र काढून देतात. असंख्य छायाचित्रांत काय दिसते हे त्यांनी टिपलेले असते. ती अक्षांश विचारत नाहीत आणि सूर्याच्या उंचीचा हिशेबही करत नाहीत. लांबर्टपासून काजियापर्यंत चित्र अधिक खरे वाटू लागले ते अधिक भौतिकशास्त्र त्यात शिरले म्हणून. आता भौतिकशास्त्र वगळूनही चित्र खरे वाटू शकते. पूर्वी चित्राची सफाई पाहून 'यामागे हिशेब असणार' असे अनुमान करता येई. ती खूण आता राहिली नाही.

निवड करताना

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न 'चित्र किती सुंदर?' हा नसून 'या चित्राकडून मला कशाचे उत्तर हवे आहे?' हा आहे. घराचा नुसता बाज दाखवायचा असेल तर झटपट साधन पुरेसे. उजेड, ऊन, ताप याविषयी काही ठरवायचे असेल तर पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक, त्यात गावाचे अक्षांश-रेखांश, उत्तर दिशा, तारीख आणि वेळ देता येते का? आरे-वारेच्या पश्चिमेकडील काचेचेच पाहा. २१ मार्चला भारतीय वेळेनुसार पावणेपाचच्या सुमारास सूर्य साडेअठ्ठावीस अंशांवर असतो आणि जमिनीपासून २ मीटर उंच काचेतून ऊन खोलीत सुमारे ३.६ मीटर शिरते. पावणेसहाच्या सुमारास तो १४ अंशांवर येतो आणि ऊन पावणेआठ मीटर आत, समोरच्या भिंतीपर्यंत पोचते. जाहिरातीतली सोनेरी संध्याकाळ ती हीच! जुन्या घरांनी याच बाजूला खोल पडवी आणि खाली उतरलेली पावळी का ठेवली, हे या आकड्यांवरून कळते.

दोन, उसळता उजेड हिशेबाने येतो की सरसकट ओतलेला असतो?

तीन, पदार्थांचे गुण मोजमापाने देता येतात का? समुद्राचे शांत पाणी डोक्यावरच्या उन्हाचा सुमारे २ टक्के भाग परत पाठवते, पण सूर्य क्षितिजापासून १५ अंशांवर आला की सुमारे २० टक्के. पश्चिमेच्या खोलीत डोळे दिपतात ते यामुळेही. कोरा चिरा तांबडा दिसतो, भिजला की गडद होतो आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर शेवाळाने काळवंडतो. सडा पावसात हिरवागार असतो आणि उन्हाळ्यात करडा, उघडाबोडका. चित्रात मात्र कोरा चिरा आणि हिरवा सडा बारमाही एकत्र नांदतात!

चार, चित्राबरोबर संख्या मिळते का? भर उन्हात एक लाख लक्सच्या आसपास उजेड असतो, आतल्या खोलीत काहीशे. कागद किंवा पडदा एवढा फरक दाखवू शकत नाही, म्हणून प्रत्येक चित्रात तो दाबलेला असतो. अंधारी खोली चित्रात उजळ दिसणे अगदी सोपे आहे. खरे काय ते संख्याच सांगते.

पाच, आज केलेले काम दहा वर्षांनी उघडता येईल का? परवाना संपला की नकाशाही बंद, असे असेल तर ते आधीच माहीत हवे.

शाळेसाठी ब्लेंडर विनामूल्य आहे. 'पोव्ह-रे' हे १९९१ सालापासूनचे विनामूल्य सॉफ्टवेअर तर शिकवण्याला फारच सोयीचे. त्यात दृश्य शब्दांत आणि आकड्यांत लिहावे लागते, त्यामुळे सूर्य कुठे ठेवला ते लपून राहत नाही. विद्यार्थ्यांनी शाळेच्या मैदानात एक मीटरची काठी रोवावी, ठरावीक तारखेला आणि वेळेला सावलीची लांबी व दिशा मोजावी, आणि तेच दृश्य संगणकावर मांडून पाहावे. दोन्ही सावल्या जुळल्या तर त्या सॉफ्टवेअरच्या सूर्यावर भरवसा ठेवता येईल. कॉर्नेलच्या पेटीचीच ही धाकटी आवृत्ती. नंतर वर्तमानपत्रातली एखादी घराची जाहिरात घ्यावी. झाडांच्या आणि छज्जांच्या सावल्या एकाच दिशेला आहेत का? चित्रात उत्तर कुठे आहे? त्या अक्षांशावर अशी सावली कोणत्या महिन्यात, किती वाजता पडेल? पडेल तरी का?

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, जाहिरातीतल्या चुकीच्या किंवा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाचे नुकसान झाले, तर ते विकासकाला भरून द्यावे लागते. पण चित्रातले ऊन खोटे आहे हे आधी कोणाला तरी ओळखता यायला हवे. प्रमाण आणि उत्तर दिशा नसलेला नकाशा भूगोलाचे शिक्षक स्वीकारत नाहीत. घराच्या चित्राखालीही गाव, तारीख, वेळ आणि उत्तर दिशा हे चार शब्द मागावेत. ज्याने हिशेब केला असेल त्याला ते लिहायला अर्धा मिनिटही लागणार नाही.